लढाईवर गेलेलं लाकूड

युद्धनौका बांधण्यात माझाही हात होता, हे मी चारचौघांत सांगत नाही. सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या दंडाकडे बघतो, मग चष्म्याकडे, आणि मग पावसापाण्याचा विषय काढतो. त्याचं चुकत नाही. मी निर्मळ गावच्या केळीच्या वाडीत वाढलेला, सायकलवरून पडलो तर आठ दिवस कण्हणारा माणूस. गेली बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवतो. संपादकांनी लेख मागितला तोही त्याच अनुभवांवर. पण मुलांच्या चित्रांत सूर्य कायम दोन डोंगरांमधूनच उगवतो, यापलीकडे त्या बारा वर्षांत सांगण्याजोगं फारसं घडलेलं नाही. जे घडलं ते त्याआधी, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या दिवसांत. ते ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगायला मला अकरा वर्षं लागली. तुम्हाला सांगायला आणखी तीन.

लढाई ऐन भरात असताना मुंबईच्या एका ठेकेदाराने वसईच्या खाडीकाठी, किल्ल्याच्या अलीकडे, पत्र्याच्या चार शेड उभ्या केल्या. आरमारासाठी तिथे लाकडी गस्ती बोटी बांधायच्या होत्या. युद्धनौका म्हटलं की डोळ्यांपुढे पोलादाचा डोंगर येतो. या तशा नव्हत्या. लांबी बहात्तर फूट, अंग सगळं सागवानी, पोटात दोन डिझेल इंजिनं, पुढे एक तोफ आणि मागे पाणबुडीवर टाकायचे पिंपाएवढे बॉम्ब. किनाऱ्यालगत फिरायचं, बंदराच्या तोंडाशी राखण करायची, पाण्याखालचा कानोसा घ्यायचा, हे त्यांचं काम. पोलाद मोठ्या बोटींनाच पुरत नव्हतं, आणि लाकडाची होडी बांधणारे हात आमच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या होते, म्हणून हे काम वसईला आलं. आम्ही बोटीचं अंग तेवढं बांधायचं. इंजिनं आणि तोफा मुंबईत बसत. सगळा मामला अत्यंत गुप्त होता. इतका गुप्त, की बाजारात मासे विकणाऱ्या बायका मला विचारत, "काय मास्तर, तिसरीला रंग दिला का नाय?"

मास्तर मी तेव्हापासूनचा. माझं काम नकाशे वाचायचं. नकाशे इंग्रजीत यायचे, आणि ज्यांना होडी कळत होती त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. मला इंग्रजी कळत होतं, होडी अजिबात नाही. मॅट्रिक आणि वर ड्रॉइंगची परीक्षा, एवढ्या भांडवलावर मी इंग्रजी नकाशा आणि मराठी करवत यांच्यामधला दुभाष्या झालो. काम तपासायला आरमाराचा एक साहेब असे, त्याच्या तपासणीचा तक्ताही माझ्याच हातात असे. तक्त्यावर बरोबरची खूण करणाऱ्या माणसाला लवकरच वाटू लागतं की बोट आपणच बांधतोय. मलाही वाटू लागलं.

बोट खरी बांधत होता पोशा मिस्त्री. नायगावच्या बाजूला खाडीकाठच्या एका पाड्यावरचा. पन्नाशी ओलांडलेला, खारवलेल्या बोंबलासारखा वाळका, कानाला कायम खडूचा तुकडा. चाळीसेक होड्या बांधलेल्या, एकीचाही कागद नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे नकाशा पसरला. त्याने मान तिरपी करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, कागदावरची होरी कागदावर लई झ्याक तरंगते. पान्यात टाकली का भिजते."

पण कामाला लागल्यावर त्याच्यासारखा शिष्य नाही. नकाशा कागदावर छोटा असतो. तो आधी लाकडी जमिनीवर पूर्ण मापात उतरवावा लागतो. बहात्तर फुटांची बोट जमिनीवर बहात्तर फूट आखायची, मग त्या रेघांवरून साचे कापायचे, आणि साच्यांवरून बरगड्या. म्हणजे रेघ चुकली की बोट चुकली. पहिल्या बोटीच्या वेळी मी चार दिवस गुडघ्यांवर रांगत ती आखणी केली. पाचव्या दिवशी पोशा आला, चपला बाहेर काढल्या आणि माझ्या रेघेवरून अनवाणी चालू लागला. मध्येच थांबला.

"हितं पाय अडकतो."

"पाय कसा अडकेल? रेघ आहे ती. खडूची."

"तुमाला खडू दिसतो. माज्या पायाला पानी लागतंय. पानी हितं अडकनार."

मी तक्ता काढून मापं पुन्हा ताडली. त्या जागी पाऊण इंच जास्त धरला होता. पोशाने इकडेतिकडे बघितलं, साहेब लांब होता. त्याने टाचेने ती रेघ पुसली आणि म्हणाला, "काडा परत. कोन बगत नाय."

ही गोष्ट त्याने कधीच कुणाला सांगितली नाही. साहेबाला नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. त्या दिवशी मी त्याचे आभार मानले. आभाराबरोबर मनात आणखी एक गोष्ट राहिली, तिच्याकडे पुढे येतो.

आधी फळ्यांविषयी, कारण बाहेरच्या माणसाला याचं नेहमी नवल वाटतं. आपल्या होडीला फळीचा एकच थर असतो, आणि दोन फळ्यांमधल्या फटीत सुताची वात ठोकून ती बुजवतात. या बोटींना दोन थर होते. आतल्या फळ्या एका बाजूला तिरक्या, बाहेरच्या दुसऱ्या बाजूला तिरक्या, आणि दोहोंमध्ये जवसाच्या तेलात नि सफेद्यात भिजवलेला मांजरपाट. तांब्याचे खिळे दोन्ही थरांतून आरपार. खिळा ठोकताना एक माणूस बाहेर लोखंडी ठोकळा दाबून उभा, दुसरा आत वाकून खिळ्याचं टोक चकतीवर ठेचणार. असे हजारो खिळे. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आवाजात ऐकू येत नाही. म्हणून फळीवर टकटक करून बोलायचं. एकदा म्हणजे धरलंय, दोनदा म्हणजे मार, तीनदा म्हणजे थांब. पोशाने एका जोडीला मुद्दाम दोन भाऊबंद लावले होते. शेताच्या बांधावरून त्यांचा नऊ वर्षं अबोला होता. मी म्हटलं, हे काम कसं व्हायचं? पोशा म्हणाला, "बोलनारे लावले तर खिळे कोन मारनार?" तीन महिने दोघे फळीच्या दोन बाजूंनी टकटकत राहिले. बोट पाण्यात गेली त्या दिवशी गर्दीत एकाने दुसऱ्याच्या पाठीवर दोनदा टकटक केलं. बोलणं तेवढ्यावरच राहिलं, पण त्यांच्या मानाने ते भाषण होतं.

आता चौथी बोट.

पोशाचा जावई लडकू आरमारात खलाशी म्हणून भरती झाला होता. वसईत तयार होणाऱ्या चौथ्या बोटीवर त्याची नेमणूक झाल्याचं पत्र आलं. ते पत्र पोशाला मीच वाचून दाखवलं. दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, त्याने मला बाजूला बोलावून फडक्यातून एक लाकूड काढलं. वीतभर लांब, काळं पडलेलं, माशाच्या तेलाचा वास येणारं, खिळ्याची दोन भोकं असलेलं.

"हे माज्या आज्याच्या होरीचं," तो म्हणाला. "मंग बापाच्या होरीत गेलं, मंग माज्या. तिनी होऱ्या म्हाताऱ्या होऊन किनाऱ्यावर मेल्या. पान्यात एक नाय मेली."

त्यांच्या घराची ती रीत होती. नाळ म्हणजे होडीचं पुढे वर आलेलं नाक. जुनी होडी मोडताना त्या नाळेच्या मागे बसवलेलं लाकूड काढून ठेवायचं आणि नवी बांधताना त्याच जागी ठोकायचं. जी परत यायला शिकली तिने नवीला शिकवायचं. पोशाची स्वतःची होडी दोन वर्षांपूर्वी मोडीत निघाली होती. सागवान सगळं लढाईला जात होतं, त्यामुळे मुलाची, दामाची, होडी खोळंबली होती. तोवर लाकूड देव्हाऱ्याशेजारी कोनाड्यात होतं.

मी म्हटलं, "हे दामाच्या होडीसाठी आहे ना?"

"दामा घरी हाय. लडकू जातोय." त्याने लाकूड पुन्हा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "लडकू परत आला का ह्ये बी येईल. मंग दामाची बांदू."

त्याने मला गळ घातली त्यालाही कारण होतं. चौथ्या बोटीचं नाक तपासून झालं होतं, आता तिथे कामगारांना मनाई होती. तपासणीचा तक्ता घेऊन आत जाऊ शकणारा माणूस एकटा मीच. नाळेच्या मागे आतल्या अंगाला दोन खिळे मारायचे आणि वरून रंगाचा हात फिरवायचा, पाच मिनिटांचं काम. मी हो म्हटलं.

आणि बसवलं नाही.

पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की साहेबाला घाबरलो. साहेब होताही घाबरण्यासारखा. छोटी पितळी हातोडी घेऊन तो प्रत्येक फळी ठोकायचा आणि डॉक्टरासारखा कान लावायचा. पण त्या दिवशी साहेब मुंबईला गेला होता, हे मला पक्कं आठवतं. खरं कारण क्षुद्र आहे. ज्या माणसाच्या तळपायाने माझी रेघ खोटी पाडली, तो आज एका जुन्या लाकडासाठी माझ्यापुढे अजिजी करत होता, आणि निदान एका बाबतीत तरी मी त्याच्यापेक्षा शहाणा आहे असं मला वाटलं. बोटीचं परत येणं इंजिनावर आणि खिळ्यांवर अवलंबून असतं, कोनाड्यातल्या लाकडावर नसतं. हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. बोटीच्या नाकाऐवजी मी वाफेच्या पेटीकडे गेलो. बरगड्या वाकवण्याआधी लाकूड तासभर वाफेत ठेवावं लागतं, त्यासाठी एक लांब पेटी आणि तिच्याखाली बॉयलरची भट्टी होती. भट्टीचं दार उघडून मी ते लाकूड आत टाकलं. तेल प्यालेलं होतं, पटकन पेटलं.

संध्याकाळी पोशाने विचारलं, "बसवलं?"

"बसवलं."

एवढंच.

लडकूची बोट लढाईभर कराचीपासून कारवारपर्यंत हिंडली आणि तिला ओरखडाही आला नाही. लडकू सुट्टीवर आला की पाड्यावर मैफल भरायची, आणि मला बोलावणं ठरलेलं. त्या बोटी पाण्यावर इतक्या डोलत, की चहाचा कप टेबलावर नाही, माणसाच्या हातातच ठेवावा लागे, असं तो सांगायचा. एकदा पाण्याखालचे आवाज ऐकायच्या यंत्रावर काहीतरी घुमू लागलं. अधिकारी म्हणाला, पाणबुडी. लडकू म्हणाला, "साहेब, ही घोळ मासली हाय. घोळीचा थवा बोलतो असा. माजा बाप वल्हं पान्यात धरून कान लावायचा." साहेबाने ऐकलं नाही, बॉम्ब टाकला. घोळ वर आली. चार दिवस अधिकाऱ्यांपासून भटारखान्यापर्यंत सगळे घोळ खात होते.

"मंग साहेब काय बोलला?" पोशाने विचारलं.

"बोलला, शत्रू चवीला बरा हाय."

सगळे हसले. हसता हसता पोशाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मास्तरांनी बसवलेलं लाकूड हाय. कोनाची टाप हाय पानबुडीची?"

मी कालवणात बघत राहिलो.

लढाई संपली. शेड उठल्या, मी शाळेत लागलो, लडकू आरमार सोडून घरी आला. माझी कल्पना, आता विषय मिटला. पण लडकू आला तरी बोट आली नव्हती. ती आरमारातच राहिली, किनाऱ्यावरच्या चोरट्या मालावर पाळत ठेवायला. आणि बोट आली नाही म्हणजे लाकूड आलं नाही, आणि लाकूड आलं नाही म्हणून पोशाने दामाची होडी बांधायला घेतली नाही.

हे कळायला मला दोन वर्षं लागली. गावातल्या सगळ्यांच्या होड्या पोशा बांधत होता. सागवान मिळू लागलं होतं, हात मोकळे होते. दामा मात्र दुसऱ्याच्या होडीवर जात होता, जाळं दुसऱ्याचं, शीड दुसऱ्याचं. मी एकदा विचारलं तर पोशा सहज म्हणाला, "लाकूड लढाईवर हाय नं."

"लढाई संपली, मिस्त्री."

"त्याला कोनी सांगितलं नसंल."

दामाला दोन ठिकाणांहून मुलीच्या बापांनी नकार दिला. बाप मिस्त्री आणि पोराला स्वतःची होडी नाही, म्हणजे घरात काहीतरी बिघाड असणार, हा त्यांचा हिशेब. बिघाड कुठे होता ते मला माहीत होतं.

सांगण्याची संधी मला दरवर्षी मिळे, कारण दरवर्षी पोशा माझ्याकडून आरमाराला अर्ज लिहून घेई. अमुक बोटीच्या नाळेमागे आमचं घरचं लाकूड आहे, ते काढून द्यावं, त्या जागी दुसरं नवं फुकट बसवून देऊ. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहीत असे आणि टपालपेटीऐवजी घरच्या पेटीत टाकत असे. एका वर्षी लाजेने म्हणा, धैर्याने म्हणा, खरोखरच टाकला. उत्तर आलं. मला वाटलं, आता सरकारच माझी सुटका करणार. मी ते पोशाला वाचून दाखवलं: "सदर बोटीची पाहणी केली असता वर्णन केलेली वस्तू आढळून आली नाही."

पोशाने मला पाठीवर शाबासकी दिली. "असं लपवलंय तुमी, का सरकारला बी गावंना."

अशी अकरा वर्षं गेली. दामाचं लग्न उशिरा का होईना झालं, त्याला मुलगी झाली, पोशाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आणि एक दिवस लडकू बातमी घेऊन आला की बोट आरमाराने विकली. इंजिनं आणि तोफ काढून घेतली, आणि मोडीत घेणाऱ्याने ती ओढत आणून वसईच्याच खाडीत, चिखलात चढवली. पोशाचा निरोप मला शाळेत मिळाला: मोडायच्या आधी लाकूड काढून आणा, जागा तुम्हालाच ठाऊक.

रविवारी सकाळी मी एकटाच गेलो. ओहोटी होती. बोट कुशीवर कलंडली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते. पण आमचा एकही खिळा हलला नव्हता, हे मी अभिमानाने पाहून घेतलं. अशा वेळीही माणूस अभिमान सोडत नाही. मी नाकात शिरलो. नाळेच्या मागे राखाडी रंगाची स्वच्छ, मोकळी जागा. शेजारच्या बरगडीवर, रंगाच्या थराखाली, तपासणी झाल्याची माझी खूण पुसटशी दिसत होती.

त्या क्षणी सरळ पाड्यावर जाऊन सांगायला हवं होतं. मी बरोबर नेलेली करवत काढली आणि तुटक्या बरगडीचा वीतभर तुकडा कापला. घरी नेऊन त्याला काजळी चोळली, माशाचं तेल पाजलं, खिळ्याची दोन भोकं पाडली, तीन दिवस चिखलात पुरला. शेवटी चित्रकलेचा शिक्षक. नव्याला जुनं दाखवण्याचं काम मला येतं. त्या वर्षीचं ते माझं सर्वोत्तम काम होतं.

पुढच्या रविवारी मी तो तुकडा पोशाच्या हातात दिला. ओटीवर पोशा, त्याची म्हातारी आणि दामा. दामा नुकताच दुसऱ्याच्या होडीवरून परतला होता, पायाला वाळू होती. मनातून मला वाटत होतं की म्हातारा ओळखेल. त्याच्या तळपायाला पाऊण इंच कळला होता. हाताला लाकूड कळणार नाही? त्याने ओळखलं असतं तर मी सुटलो असतो.

त्याने ओळखलं नाही. तुकडा नाकाशी नेला, भोकांतून अंगठा फिरवला, कपाळाला लावला. "आलं गो," तो म्हातारीला म्हणाला. "घरी आलं."

लांबून आलेल्या माणसावरून आपल्याकडे भाकरीतुकडा ओवाळून टाकतात. म्हातारी आतून भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. लाकडावरून ओवाळलं, पाणी टाकलं. ती वळणार तोच पोशा म्हणाला, "मास्तरांवरनं बी टाक. अकरा वरसं जीव अडकला होता त्यांचा त्यात."

ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला आणि मी म्हणालो, "काकू, थांबा. ते लाकूड ते नाही."

मग मी सगळं सांगितलं. भट्टी, साहेब नसणं, पेटीतले अर्ज, काजळी. सांगून झाल्यावर पोशाने तुकडा हातात फिरवला. मग कारागीर जसा विचारील तसं त्याने विचारलं, "तवा वाफेच्या पेटीत काय होतं?"

"बरगड्या होत्या."

त्याचा चेहरा थोडा उजळला. "मंग गेलं की आत. वाफेतनं गेलं."

इथे हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. म्हातारा माझ्यासाठी दार उघडून उभा होता. पण खोटं बोलण्याचा मला त्या दिवशी मनस्वी कंटाळा आला होता.

"नाही, मिस्त्री. त्या बरगड्या पाचव्या बोटीच्या होत्या."

"पाचवी कुटं गेली?"

"लढाई संपली, ती अर्धीच राहिली. लोकांनी लाकूड नेलं तिचं."

"आपल्या गोठ्याच्या छपराला तिच्याच दोन बरगड्या हायत," दामा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला. "म्हनून बाबा, गाय कदी हरवली नाय आपली."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. पोशाही हसला, आणि मग हसणं संपलं. दामा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"अकरा वरसं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या होरीवर चा बी इचारून प्यायचा मी."

यावर बोलण्यासारखं मराठीत काही नाही.

पोशा चाचपडत म्हणाला, "गोठ्यातली बरगडी काडू. तिच्यात वाफ गेलेली हाय."

"बाबा, जी कदी पान्यातच गेली नाय ती परत यायला काय शिकवनार?"

"मंग ह्यो तुकडा. बोट तर आली नं परत."

दामाने तो तुकडा बापाच्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला. "ह्यो काजळी लावून आलाय," तो म्हणाला आणि चुलीजवळच्या सरपणावर ठेवला. मग मला म्हणाला, "मास्तर, उद्यापासून पठान घालतो मी." पठाण म्हणजे होडीचा तळचा कणा, कामाची सुरुवात तिथून. "तुमाला रईवारी सुट्टी असते नं?"

त्यानंतर आठ महिने दर रविवारी मी पाड्यावर जात होतो. फळीचं दुसरं टोक धरायचं, खिळ्यामागे ठोकळा दाबून उभं राहायचं. दामा माझ्याशी बोलत नसे, फळीवर टकटक करत असे. पोशा खाटेवर बसून दोघांना शिव्या देत असे. त्याला दिसत नव्हतं, पण रंध्याच्या आवाजावरून तो सांगे की मास्तर लाकडाच्या उलट्या नसीने तासतोय. आणि मी खरोखर तसाच तासत असे.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली. पूजा झाली, नारळ वाहिला. माणसं चढू लागली. मी काठावरून घरी निघालो होतो. दामाने वरून हाक मारली.

"तुमी तिकडं कुटं चालला? चढा."

"मी कशाला?"

त्याने नाळेच्या मागची जागा दाखवली. तिथे दोन खिळ्यांची भोकं पाडून ठेवलेली होती, वर काहीच नव्हतं. "लाकूड नाय," तो म्हणाला. "मंग तुमी बसा."

मी कधी समुद्रावर गेलो नव्हतो. युद्धनौका बांधणारा माणूस खाडीचं तोंड ओलांडायच्या आत आडवा झाला. नाळेला मिठी मारून मी पोटातलं सगळं दर्याला वाहिलं, मागे सात-आठ माणसं खदाखदा हसत होती, आणि सुकाणूवरून दामा विचारत होता, "लाकूड वलं झालं काय रं?" दुपारी होडी परत आली. काठावर पोशा उभा होता. त्याने हाताने माझं तोंड चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "आलं."

पोशा मिस्त्री गेल्या वर्षी वारला. दामाने मला माफ केलं असं तो कधी म्हणालेला नाही, मीही विचारलेलं नाही. त्या फेरीनंतर त्याने मला कधी मास्तर म्हटलं नाही. पण दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याची मुलगी शाळेत माझ्या वर्गाच्या दाराशी येते आणि चाळीस पोरांसमोर, बापाने सांगितलं तसंच सांगते, "लाकडाला सांग म्हनला बाबा, भरती बाराला हाय."

मी जातो.